दोन बोटांची वायर

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. त्याबद्दल आधीच माफी मागतो आणि गोष्टीला लागतो.

नदीकाठच्या एका गावात दिगंबर नावाचा एक शिंपी राहत होता. सातवीत त्याची शाळा सुटली ती सुटलीच. पण हात असा सफाईदार, की त्याने शिवलेला शर्ट उलटा करून पाहिला तरी एक लोंबता धागा सापडायचा नाही. चोविसाव्या वर्षी त्याने बाहेरून दहावीला बसायचं मनावर घेतलं. गावातल्या शाळेने त्याचं नाव नोंदवून घेतलं. अट एकच होती. विज्ञानाचा एक प्रकल्प स्वतःच्या हाताने करायचा आणि त्यावर विज्ञानाच्या बाईंची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही.

शेजारची रेहाना सहावीत होती. तिच्याकडे हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम होता. त्याचे सेल लवकर संपायचे आणि पडदा इतका मंद, की खेळायला उन्हात जाऊन बसावं लागे. त्यात चार्जिंगची बॅटरी आणि पडद्यामागे छोटा दिवा बसवायचा, असं दिगंबरने ठरवलं. रेहानाने गेम दिला, पण बजावून दिला. "दिगूदादा, बिघडला तर अम्मीला तू सांगायचंस. मी नाही."

पुस्तकात पाहून, रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना चार-चारदा विचारून आणि बोटं भाजून घेऊन पंधरा दिवसांत काम जमलं. पडदा उजळला. पण आतल्या वायरी दिगंबरला बघवेनात. लोंबणारं काहीच त्याला सहन होत नसे. त्याने कात्री घेतली आणि एकेक वायर कापून दोन बोटांएवढी केली, मग पुन्हा जोडली. आतलं काम आता नव्या कॉलरसारखं नेटकं दिसू लागलं.

शाळेत असे प्रकल्प मांडायचे होते त्या प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी रेहाना आली आणि आतून बघायचं म्हणून हट्ट धरून बसली. दिगंबरने मागचं झाकण उचललं, तशी वायर ताणून तुटली आणि दिवा गेला. बॅटरी झाकणाला चिकटवलेली, बाकी सगळं पुढच्या भागात. दोन बोटांच्या वायरीला तेवढं अंतर पुरेना. त्याने घाईघाईने वायर जोडली आणि झाकण बसवलं. गेम सुरू झाला. आता कुणी उघडलं नाही म्हणजे मिळवली, असं त्याने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या टेबलाभोवती पोरं जमली. एक जण म्हणाला, काका, आमच्या वर्गात बसणार असाल तर मागच्या बाकावर बसा, नाहीतर फळा दिसायचा नाही. दिगंबर खाली मान घालून हसला.

बाई आल्या. त्यांनी गेम हातात घेऊन एक डाव खेळून पाहिला आणि पेनचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "छान. आता उघडा. आत काय केलंय ते बघू."

मागून रेहाना कुजबुजली, "सांग ना, चिकटवलंय, उघडत नाही."

एवढं एक वाक्य बोललं की सही होणार होती. नाही बोललं तर वर्ष जाणार होतं. दिगंबरने बाईंच्या हातून गेम घेतला. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"बाई, उघडलं की हे बंद पडेल," तो म्हणाला. "वायर मी आखूड कापलीय."

"का?"

"लोंबलेली बरी दिसत नाही म्हणून."

त्याने झाकण उचललं. वायर तुटली, पडदा विझला. पोरं हसली. बाई वाकून आत बघत राहिल्या.

"पोरांच्या पँटला आतून जादा कापड ठेवता तुम्ही," त्या म्हणाल्या. "तेही कापून टाकत जा की."

"तसं कसं, बाई? पोरं वाढतात. उद्या उसवून लांबी सोडावी लागते, तेव्हा…" आणि दिगंबर मध्येच थांबला.

बाईंनी पेनला टोपण लावलं. सही त्यांनी केली नाही. चालू गेमवर मी सही देत नाही, म्हणाल्या, उघडून परत चालू करता येईल अशा गेमवर देते. मागची कुजबुज मी ऐकली, चिकटवलंय म्हणाला असतात तर मात्र परत या म्हटलं नसतं. उद्या शाळा भरायच्या आधी घेऊन या.

घरी जाताना दिगंबरने रेहानाच्या अम्मीला सगळं सांगून टाकलं. तिने गेम नीट करून द्यायला एक दिवसाची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच त्याने आखूड वायरी काढून टाकल्या. वीतभर लांबीच्या नव्या जोडल्या आणि घड्या घालून आत ठेवल्या. दिसायला ते काम गबाळं दिसत होतं, पण त्याने कात्रीला हात लावला नाही. शाळेच्या पायरीवर त्याने गेम आणि स्क्रू-ड्रायव्हर बाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, तुम्हीच उघडा. बाईंनी तीनदा उघडला, तीनदा लावला. दिवा एकदाही गेला नाही. त्यांनी सही केली. दिगंबरने गेम रेहानाला नेऊन दिला आणि तो दुकान उघडायला गेला.

तात्पर्य एवढंच: काम वरून नेटकं दिसतं का यापेक्षा ते पुन्हा उघडता येतं का हे आधी बघावं, आणि आत चूक राहिली असेल तर झाकण आपल्याच हाताने काढावं.