वैकुंठरथाची चाल

गावातली प्रेतं न्यायला सासऱ्यांनी घेतलेला जुना वैकुंठरथ गोदूताई पाटणकर पोटच्या पोरासारखा जपत. नगराध्यक्ष आबासाहेब डफळे म्हणजे बसायच्या आधी उठणारा माणूस. एकदा भर चौकात ते गरजले, "ताई, हे धूड भंगारात काढा! माणसाच्या चालीपुढे जात नाही. नवी गाडी कशी भुर्रकन पोचवेल!"

ताई बॉनेट पुसता पुसता म्हणाल्या, "आबासाहेब, तुमच्या आईंना नेलं तेव्हा मडकं धरून पुढे अनवाणी तुम्हीच चालत होतात. रडत होतात, थांबत होतात. मागून एकदा तरी हॉर्न वाजला का?"

आबासाहेबांची मान खाली गेली. त्यांनी रथाला हात जोडले.

"त्या दिवशी आभार मानायची रीत नसते, ताई. तेवढं राहूनच गेलं होतं."