साखळी सुटल्यानंतर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जागोजागी राजे होते, पण कुठल्या राजाची हद्द कुठे संपते हे धड कोणालाच सांगता येत नसे. अशाच एका राज्यात एक वाईट चाल होती. कुत्र्याचं पिल्लू वर्षाचं झालं, की त्याच्या गळ्यात लोखंडी साखळी घालायची आणि त्याला दाराशी बांधायचं, ते मरेपर्यंत. बांधलेलं कुत्रं चिडतं, आणि चिडकं कुत्रं दाराशी दिसलं की लोकांना वाटतं, या घरात राखण्यासारखं काहीतरी असणार. म्हणून ज्यांच्या घरात दोन मडक्यांपलीकडे काही नव्हतं, त्यांच्याही दाराशी साखळी वाजत असे. माणसाची हौस ती, तिला काय बोलायचं!

कुत्र्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्या राज्यात नदीकाठी कागद करणाऱ्यांचं एक गाव होतं. जुन्या चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा करायचा आणि ताव उन्हात वाळत घालायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्या गावात एक बाई होती. ती एका घरची आत्या, पण सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. एकदा ती लांबच्या गावी लग्नाला गेली. तिथे मांडवामागे एक कुत्री बांधलेली होती. ती सारखी गोल गोल फिरत होती, आणि इतकी वर्षं फिरली होती की तिच्या पायांखालच्या जमिनीला चर पडला होता. आत्या भरल्या पानावरून उठली. घरी आली, पण ती कुत्री दोन दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी ती पंतोजींकडे गेली. पंतोजी गावातल्या मुलांना शिकवत, आणि त्यांचं अक्षर फार देखणं होतं.

"पंतोजी, आपल्या गावात कागद आहे, तुमच्या हातात अक्षर आहे," आत्या म्हणाली. "आपण पत्रं लिहू या."

"कोणाला? राजाला?"

"राजाला कशाला? त्याच्या स्वतःच्याच दाराशी पाच बांधलेली आहेत. ज्यानं साखळी घातली, त्यालाच लिहू."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. दिवसाची कामं आटोपली की सातआठ जणं देवळाच्या ओसरीवर जमायची. कोणी बोलावत नव्हतं, कोणी काही देणार नव्हतं. तळहाताएवढा, जाडसर कागद घ्यायचा. रंगाऱ्याची बायको त्यावर कुत्र्याचं चित्र काढायची. पंतोजी खाली चार ओळी लिहायचे, त्या कुत्र्याच्याच तोंडी: 'मी तुमच्या दाराशी राहतो. तुम्ही रोज कुठे जाता, ते मला बघावंसं वाटतं. माझी साखळी काढाल का? तुमचं घर सोडून मला दुसरं घर ठाऊक नाही.'

पत्रं जायची संक्रांतीला. त्या दिवशी माणसं वैऱ्याशीसुद्धा गोड बोलतात, तेव्हा कुत्र्याचं ऐकून घेतील, असा आत्याचा विचार. दिवाळीनंतर ही मंडळी गावोगाव फिरून कोणाच्या दाराशी साखळी आहे ते बघून यायची आणि नावांची यादी करायची. मग संक्रांतीच्या आधी हरकारा पत्रांची थैली खांद्याला लावून निघायचा.

काहींनी ती पत्रं चुलीत घातली. काहींनी हरकाऱ्याच्या अंगावर कुत्रं सोडलं, आणि गंमत बघा, त्यासाठी का होईना, ते सुटलं. पण काही घरांतून साखळ्या खरोखर निघाल्या. अशी बातमी आली की पंतोजी तांबडी शाई घ्यायचे आणि यादीतलं ते नाव खोडायचे. ओसरीवरची मंडळी आनंदानं टाळ्या वाजवायची. रंगाऱ्याची बायको तर रडायचीच.

त्यांचा एक नेम होता. नाव एकदा खोडलं की त्या घरी पुन्हा पत्र जायचं नाही, आणि साखळी बघायलाही कोणी मुद्दाम तिकडे वळायचं नाही. कागद थोडा आणि बांधलेली कुत्री फार. जिथे साखळी आहे तिथे पत्र, जिथे नाही तिथे कशाला? बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. मीसुद्धा त्या ओसरीवर असतो तर मान डोलावली असती.

आता त्या म्हाताऱ्याकडे येऊ.

चार कोसांवर, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, एक म्हातारा कलिंगडाची वाडी करायचा. पावसाळा सरला आणि नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे घेऊन वेल लावायचे, तिथेच पाल्याची खोप घालायची आणि फळं संपेपर्यंत तिथेच राहायचं; पावसाळ्यापुरती काठावर एक झोपडी होती. बायको कधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. होता एक काळा कुत्रा, काजळ्या नावाचा. कोल्ही फळं फोडायला यायची, म्हणून तो खोपीशेजारच्या खुंट्याला बांधलेला असायचा.

एका संक्रांतीला हरकारा काठावरून उतरून वाळूत आला.

"आजोबा, तुमचं पत्र आहे."

"माझं?" म्हाताऱ्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "आरं, घर चुकलास तू. मला कोन लिवतंय?"

"तुमच्याच नावाचं आहे. वाचून दाखवू?"

हरकाऱ्यानं वाचलं. म्हाताऱ्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा फक्त वरचं नाव वाचायला लावलं. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याच्या नावानं कोणी काही लिहिलं नव्हतं. तो उठला आणि त्यानं काजळ्याच्या गळ्यातली साखळी काढली. त्या भाबड्या कुत्र्याला सुटल्याचं कळेना. तो बराच वेळ खुंट्याभोवतीच फिरत राहिला. मग एकाएकी वाळूतून असा धावला की म्हातारा पोट धरून हसला.

ते वर्ष दोघांचं फार सुखात गेलं. म्हातारा वेलांना पाणी घालायचा तेव्हा काजळ्या मागेमागे असायचा. कोल्ह्यांना तो आता दूरवर पिटाळून यायचा, बांधलेला असताना नुसता भुंकत राहायचा. म्हातारा त्याच्याशी बोलायचा आणि जेवताना पहिली भाकर त्याला मोडून द्यायचा. पत्र तो जिथे राहील तिथल्या आढ्याला खोचून ठेवायचा.

पुढच्या संक्रांतीला म्हातारा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून काठावर बसला. आपण साखळी काढली हे त्या लोकांना कळलं असेल, आता त्याबद्दल काहीतरी लिहून येईल, असं त्याला वाटत होतं. दुपारी हरकारा वरच्या वाटेनं जाताना दिसला. तो थांबला नाही.

म्हाताऱ्यानं हाक मारली. "माझं न्हाई व्हय रे काही?"

"नाही आजोबा. तुमचं नाव खोडलं की!"

हरकाऱ्यानं हे कौतुकानं सांगितलं होतं. पण म्हातारा तसाच उभा राहिला. "खोडलं? का म्हून? म्या तर सोडला त्याला."

"म्हणून तर खोडलं," हरकारा म्हणाला, आणि पुढे गेला, कारण थैलीत अजून पुष्कळ पत्रं होती.

परत आल्यावर त्यानं ओसरीवर ही गोष्ट सांगितली. "तो वाडीवाला म्हातारा वाट बघत बसला होता, आत्या."

आत्या कागद कापत होती, ती थांबली. "एक पाठवू या का त्याला? नुसतंच, बरं केलंत म्हणून?"

"त्याचं काम झालं," पंतोजी म्हणाले. "ज्यांचं व्हायचंय त्यांच्याकडे बघू. अजून किती बाकी आहेत!"

आत्यानं यादीकडे पाहिलं. खरंच पुष्कळ बाकी होते. तिनं पुढचा कागद ओढला, आणि म्हाताऱ्याचा विषय तिथेच राहिला.

वर्ष गेलं. आढ्याच्या पत्राचा रंग उडाला. दिवाळी झाली, वाळूत नवे वेल लागले, आणि यादी करणारी माणसं काठानं येताहेत असं म्हाताऱ्याच्या कानावर आलं. त्यानं एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी अडगळीतून साखळी काढली, वाळूनं घासली आणि काजळ्याला हाक मारली. काजळ्या शेपटी हलवत आला. गळ्यात साखळी पडेपर्यंत हलवतच होता.

"वाईच कळ काढ, लेकरा," म्हातारा म्हणाला. "पत्र आलं की सोडतो."

माणसं आली, काठानं जाता जाता त्यांना वाळूतली साखळी दिसली, तशी हळहळली आणि नाव पुन्हा यादीत लिहून घेऊन गेली. म्हाताऱ्याला वाटलं, आता सोडावं. मग वाटलं, हरकाऱ्यानं सुटा कुत्रा पाहिला तर पत्र परत नेईल, पुन्हा नाव खोडतील. म्हणून त्यानं सोडला नाही. आज सोडू, उद्या सोडू करत संक्रांत आली. काजळ्यानं पहिले काही दिवस ओरडून काढले, मग तो गप्प झाला आणि खोपीकडे तोंड करून बसून राहू लागला. म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. पण साखळीला हात लावायचा आणि मागे घ्यायचा.

संक्रांतीच्या सकाळी म्हातारा काठावरच्या गावात गेला. हरकारा येणार, त्याच्या हातावर ठेवायला तिळाचे लाडू हवेत. आकाश निरभ्र होतं. पण वर डोंगरात दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळत होता, त्याची वार्ता खाली कोणाला नव्हती.

लाडूची पुडी घेऊन तो परत आला तेव्हा नदीचा आवाज ऐकू आला. त्या दिवसांत नदीला आवाज नसतो. म्हातारा धावला. पाणी लाल होऊन आलं होतं, वेल गेले होते, खोप कलली होती. काजळ्या साखळी ताणून उभा होता आणि म्हाताऱ्याकडे बघत होता. त्याला पोहता येत होतं. मागच्याच वर्षी तो ही नदी खेळता खेळता पार करून आला होता.

म्हातारा पाण्यात शिरला. काठावरच्या दोन कोळ्यांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. "सोडा मला! बांधलाय त्यो! म्या बांधलाय!" तो ओरडत राहिला. त्यांनी सोडलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. थोड्या वेळानं खुंट्याच्या जागी नुसतं पाणी दिसू लागलं.

हरकारा आला तेव्हा म्हातारा काठावर चिखलात बसला होता. हरकाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं थैलीतून कागद काढला.

"आजोबा, यंदा पत्र आहे तुमचं. पण हे काय, पुन्हा बांधलात होय त्याला?"

म्हाताऱ्यानं मान वर केली, आणि का बांधलं ते सगळं सांगितलं. सांगताना तो रडला नाही. हरकारा मात्र रडला. पत्र त्याच्या हातातच राहिलं.

ते पत्र परत ओसरीवर आलं. हरकाऱ्यानं घडलेलं सांगितलं. पंतोजींनी जुन्या याद्या काढल्या आणि तांबड्या शाईनं खोडलेली नावं एकेक करून वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सगळी मंडळी पायी निघाली, त्या खोडलेल्या घरांकडे. काय दिसलं असेल? कितीतरी घरांत साखळी पुन्हा दाराशी आली होती. कुठे शेजारी हसले म्हणून, कुठे कुत्र्यानं कोंबडी धरली म्हणून, कुठे सुटलेल्या कुत्र्याला कसं सांभाळायचं हेच कळेना म्हणून. एका बाईनं आत्याला तोंडावर विचारलं, "सोडा म्हणून पत्र धाडलंत, मग सोडल्यावर कुठं होता?"



शेवटी आत्या म्हाताऱ्याकडे गेली. तो काठावरच्या झोपडीत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, चूक आमची झाली," ती म्हणाली. "तुम्ही साखळी काढलीत तेव्हाच आम्ही यायला हवं होतं."

म्हाताऱ्यानं तिला बसायला पोतं पुढे केलं. मग म्हणाला, "साखळी माझ्या हातानं घातली, बाई. ते तुमच्यावर न्हाई टाकायचो. येकच जिवाला लागून ऱ्हायलंय. म्या त्याला कशापायी बांधला, हे त्याला कुठं ठावं हुतं? त्याला वाटलं आसंल, आपलंच काय तरी चुकलं."

आत्याला तिथून उठवेना. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून राहिली.

त्यानंतर ओसरीवरच्या मंडळींनी तांबडी शाई टाकून दिली. नवी पत्रं कमी लिहायची, आणि ज्यांनी साखळी काढली त्यांच्या घरी स्वतः जायचं, असं ठरलं. ती माणसं जात, बसत, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत, काही अडलं असेल तर सोडवून देत. साखळ्या हळूहळू सुटत गेल्या, पण सुटलेल्या पुन्हा गळ्यात पडल्या नाहीत. म्हाताऱ्याकडेही ती दर संक्रांतीला जात. तो त्यांना पाणी द्यायचा, त्यांच्याबरोबर बसायचा. कोणीतरी एकदा त्याच्यासाठी एक गोंडस पिल्लू घेऊन गेलं. म्हाताऱ्यानं ते मांडीवर घेतलं, त्याला कुरवाळलं, आणि मान हलवून परत दिलं. मरेपर्यंत त्याच्या दाराशी दुसरं कुत्रं आलं नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: चुकणाऱ्याला जितक्या अगत्यानं समजावता, तितक्याच अगत्यानं सुधारलेल्याची विचारपूस करा.