भुकेची पायरी

वसईच्या पट्टीत बोरभाट नावाचं गाव आहे. तिथल्या बावखलाला, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याला, काठावर एकच काळी दगडी पायरी आहे. ती पाण्यात उतरत नाही. दोन घरांच्या मधोमध नुसतीच बसवलेली दिसते. उपवासकाळात कुणी पाहुणा आला आणि पायरीवरची झाकलेली ताटं पाहून थबकला, तर देवळाची देखभाल करणारे म्हातारे मिर्दी, इनासबाबा, त्याला रेमेतची हकीकत सांगतात. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.

फार जुनी गोष्ट. रेमेत तरणी विधवा होती, केळीची वाडी एकटीने करायची. एका पावसाळ्यात गावात ताप आला. तिची सात वर्षांची मुलगी कार्लीन आणि शेजारच्या सेसाबायची पास्कीन एकाच दिवशी अंथरुणाला खिळल्या. पास्कीन उठली. कार्लीन उठली नाही.

रेमेत रडली नाही, असं सांगतात. मातीला जाऊन आली आणि वाडीत केळींच्या बुंध्यातलं तण काढत बसली. त्या दिवसापासून तिची भूक गेली. घास तोंडात घ्यायचा तर माती आणि भात तिला सारखेच. वाटीभर पेज पोटात ढकलायची आणि कामाला लागायची. सेसाबायच्या दाराकडे मात्र तिने नजर टाकणं सोडलं.

मग भस्म बुधवार आला, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस. कपाळावर राख लावून गाव उपासाला बसलं. चार दिवसांत कुणाला चक्कर येई, कुणी लपून गूळ खाई. रेमेतचं तसं काहीच नव्हतं. उपास करावा तर रेमेतसारखा, असं बायका बोलू लागल्या. एक म्हातारी तर तिचा पदर डोळ्यांना लावून गेली. रेमेतला त्याचं बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. पण हे खोटं आहे एवढं तिला कळत होतं. म्हणून ती पाद्री लिगोर यांच्याकडे गेली आणि आपल्याला भूकच लागत नाही, असं तिने त्यांना सांगून टाकलं.

पाद्री म्हणाले, "मग हा उपास नव्हे, बाय. जे तुझ्याजवळ नाहीच, ते तू देवाला काय देणार?"

त्यांनी तिला प्रायश्चित्त सांगितलं ते उलटंच. रोज पोटभर रांधायचं, गोड लागो न लागो, सकाळी थोडं खायचं, आणि दुपारचं ताट ज्याला भूक आहे त्याला द्यायचं.

भुकेलं घर शोधायला लांब जायला नको होतं. सेसाबायचा नवरा गलबतावर गेला होता तो परतला नव्हता, आणि तिची चूल दिवसाआड पेटत होती. रेमेतला त्या दारात जाववेना. तिने वाडीतला पायरीसारखा एक काळा दगड ओढून दोन्ही घरांच्या मध्ये बावखलाच्या काठी टाकला, त्यावर ताट ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. पास्कीन आली. रेमेतकडे न बघता जेवली आणि ताट धुऊन ठेवून गेली.

असे कितीतरी दिवस गेले. रेमेत उभी राहून त्या पोरीचा हात ताटातून तोंडाकडे जाताना बघायची. तिला राग येत नव्हता, माया येत नव्हती. दुपार झाली की रांधलेलं दगडावर नेऊन ठेवायचं, एवढंच.

पाचव्या शुक्रवारी तिने कैरीचं सार आणि भात केला होता. पास्कीनने भाताच्या मधोमध बोटाने रेघ ओढली, आपली बाजू संपवली आणि ताट पुढे सरकवलं.

"मावशी, हा तुझा. आई म्हणते, तू उभीच असतेस."

रेमेत दगडावर बसली. साराचा आंबट वास नाकात गेला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मग बरगड्यांखाली काहीतरी पिळवटलं. हे काय होतंय ते तिला आधी कळेना. नऊ महिन्यांनी तिला भूक लागली होती, आणि ती दुखत होती.

तिने ताट उचललं. थोडा वेळ मांडीवर धरलं. मग पोरीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "मला भूक लागलीय. तू खा."

रेमेतचा पहिला उपास तोच, असं इनासबाबा सांगतात. त्या दिवशीही ती रडली नाही म्हणे. पास्कीनचं जेवण होईपर्यंत पोटावर हात दाबून शेजारी बसून राहिली. ईस्टरच्या दिवशी मात्र सेसाबायच्या चुलीपाशी बसून जेवली.

आजही बोरभाटात ज्या घरी वर्षभरात मयत झालंय, त्या घराला उपास नसतो. शेजारी त्यांना बळेच जेवायला बसवतात. आणि बाकीच्या घरांत, उपासाच्या शुक्रवारी दुपारी, भुकेल्यांसाठी ताट पायरीवर न्यायच्या आधी घरातलं थोरलं माणूस प्रत्येकाला विचारतं, "भूक लागली का?" लागली म्हणेल त्याचंच ताट झाकतात.