साळूपेक्षा एक दाणा कमी

दोन रानांच्या मधल्या खिंडीत एक घूस राहत असे. खिंडीतली पाऊलवाट सदा वाहती होती. अलीकडच्या रानातले पाणवठे आटले की प्राणी पलीकडच्या तळ्याकडे निघत, आणि पलीकडचा चारा संपला की पुन्हा इकडे वळत. चढण अवघड होती, त्यामुळे खिंडीत पोहोचेपर्यंत दिवस मावळायला येई. दमलेल्या वाटसरूंना रात्रीपुरता आसरा हवा असे. घुशीने आपल्या बिळाला लागून चार खोल्या कोरल्या होत्या. आत वाळलेले मऊ गवत, दाराशी आडवा दगड, कोल्ह्याची भीती नाही. ससे, खारी, लावे तिथे उतरत आणि सकाळी निघताना ठरलेले दाणे देऊन जात.

समोरच, करंजाच्या झाडाखाली, एका काटेरी साळूचे घर होते. तिच्याही चार खोल्या होत्या. दोघींनी एकाच वर्षी खणायला सुरुवात केली होती. वाटेत मोठा धोंडा लागला की एकीने दुसरीला हाक मारायची आणि दोघींनी मिळून तो ढकलायचा, असे त्यांचे चाले. संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी दोघी वाटेवर बसून सुखदुःखाचे बोलत.

घूस कामसू होती, स्वच्छ होती, पाहुण्यांशी गोडही बोलत असे. पण मुलांनो, तिच्यात एक खोड होती. साळूच्या दारी एक जरी पाहुणा जास्त दिसला, तरी तिला त्या दिवशी घास गोड लागत नसे. एकदा एक लावी तिच्याकडे राहिली आणि निघताना सहज म्हणाली, "छान झोप लागली हो! पण समोरच्या बाईंकडचा गारवा काही औरच. मागच्या खेपेला तिकडे उतरले होते." लावी उडून गेली, पण तिचे बोलणे घुशीच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. त्या दिवसापासून तिने वाटेवर बसणे सोडले. साळूने हाक मारली की ती आतूनच म्हणे, "कामात आहे गं!" आणि मग दाराच्या फटीतून समोर कोण आले, कोण गेले, ते बघत राही.

त्याच सुमारास खिंडीत एक राघू आला. त्याचा धंदा नवाच होता. तो घुशीला म्हणाला, "रोज दिवस मावळायच्या आधी मी दोन्ही रानांवरून चक्कर मारतो. वाटेला कितीजण लागलेत, हवा कशी आहे, खिंडीतल्या किती खोल्या रिकाम्या आहेत, सगळं बघतो. त्यावरून तुझ्या खोलीचा त्या रात्रीचा दर काढतो आणि वाटेवर ओरडून सांगतो. तुला काही करावं लागत नाही. मला दहा दाण्यांमागे एक दाणा दे, म्हणजे झालं. एक मात्र ध्यानात ठेव. एकदा पुकारलेला दर सकाळपर्यंत बदलत नाही. वाटसरू त्याच्या भरवशावर चढण चढतात."

घुशीला हे पटले. राघू होता मोठा हुशार. वाट सुनी असली की तो दर उतरवी आणि तिच्या खोल्या रिकाम्या राहत नसत. मोहाची फुले गळू लागली आणि वाटेवर झुंबड उडाली, तेव्हा त्याने दर चढवला, तरीही पाहुणे आले. उन्हाळा चढेपर्यंत घुशीचे कोठार कधी नव्हे इतके भरले. एखादीने सुखाने पाय पसरून झोप काढली असती. पण घुशीने दाराच्या फटीतून बघितले, तर साळूच्या चारही खोल्या भरलेल्या! दारात एक सोडून चांगल्या पाच-सहा साळू अंग खाजवत बसलेल्या होत्या.

"बघा, बघा!" घूस स्वतःशीच पुटपुटली. "आता लांबलांबच्या साळूसुद्धा हिच्याकडेच उतरायला लागल्या. राघू माझा, आणि भरभराट हिची!"

संध्याकाळी राघू आला तेव्हा ती म्हणाली, "आजपासून तुझा हिशेब पुरे. साळू जो दर घेईल, त्याहून एक दाणा कमी, हाच माझा दर."

"तिचा दर तर चारच दाण्यांचा आहे. आज वाटेवर गर्दी आहे, तुला सहा मिळतील."

"मला सहा नकोत."

"तुझं नुकसान होईल."

"तिचं होईल ना?"

राघूने मान वाकडी करून विचार केला. "होईल बहुतेक."

"मग झालं तर! रोज एक दाणा कमी. काहीही होवो. आणि सारखं सारखं मला विचारायला येऊ नकोस."

"तू म्हणशील तसं," राघू म्हणाला, आणि उडाला.

घुशीकडे आता पाहुण्यांची रीघ लागली. पण दाणे थोडे आणि वापर फार. गवत रोज चुरगळून जाई, भिंतींची माती ढासळे, आणि नवे गवत आणायला तिला दूरवर खेपा घालाव्या लागत. काही दिवसांनी साळूने दर उतरवून तीन दाण्यांवर आणला. राघूने लगेच घुशीचा दर दोन केला. साळू दोनवर आली, घूस एकावर गेली. कोठारातले धान्य खाली जाऊ लागले. घुशीचे पोट खपाटीला गेले. तरी तिला त्याचे काही वाटत नव्हते. तिला सलत होते ते दुसरेच. इतके करूनही समोरच्या खोल्या भरलेल्याच दिसत होत्या!

"हिच्या बिळाला सोनं लागलंय की काय?" ती चडफडे. "जातील कुठं? एक दिवस ओस पडतील. पडायलाच हव्यात."

एकदा साळू स्वतः तिच्या दाराशी आली. "अगं, काय चाललंय हे? एका दाण्यात तुला गवत तरी परवडतं का? आणि तू बोलायची का थांबलीस माझ्याशी? माझं काही चुकलं का?"

"ज्याचा त्याचा धंदा," घूस आतूनच म्हणाली. साळू परत फिरली. जाताना तिची पावले जड पडत होती. ते ऐकून घुशीला बरे वाटले.

अशात एके दिवशी दुपारी अलीकडच्या रानात वणवा पेटला. धुराचे लोट खिंडीपर्यंत आले. संध्याकाळी जळत्या रानातून पळालेले प्राणी चढण चढून वर येऊ लागले. सशांचे कान होरपळले होते. एक खार तोंडात पिल्लू धरून धापा टाकत होती. कुणाजवळ एक दाणा नव्हता. साळू वाटेवर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने ओरडली, "दाण्यांचं नाव काढू नका! आधी आत या!" आणि ते सगळे तिच्या उघड्या दारातून आत शिरले.

थोड्या वेळाने राघू येऊन घुशीच्या दारावरच्या फांदीवर बसला. "आज साळू काहीच घेत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुझा दर त्याहून एक दाणा कमी."

"काहीच नाही, त्याहून कमी? म्हणजे किती?"

"म्हणजे जो तुझ्याकडे उतरेल, त्याला तूच एक दाणा द्यायचास."

घूस धावत दाराबाहेर आली. "थांब! ओरडू नकोस!"

"ओरडून झालं. पलीकडच्या रानावरून दोन चकरा मारल्या. तूच म्हणाली होतीस ना, काहीही होवो आणि विचारायला येऊ नकोस?"

पलीकडच्या रानात ना आग होती ना धूर. पण फुकटचा दाणा मिळतो म्हटल्यावर तिथले धडधाकट उंदीर शेपट्या उडवत खिंडीत आले. ते एका दाराने आत शिरत, दाणा उचलत, दुसऱ्या दाराने बाहेर पडत आणि पुन्हा पहिल्या दाराशी येऊन उभे राहत. "पुकारलेला दर आहे, बाई!" घुशीने हरकत घेतली की ते म्हणत. खिंडीचा नियम मोडला असता, तर तिच्या दारी पुन्हा कुणी फिरकले नसते. ती निमूट दाणे देत राहिली. अंधार पडायच्या आतच कोठाराचा तळ दिसू लागला. उंदीर खोल्यांत ऐसपैस पसरले, आणि घूस रिकाम्या कोठाराच्या काठावर मटकन बसली.

सवयीने तिची नजर समोर गेली. साळू आपल्या कोठीतून उरलेसुरले कंद ओढून बाहेर आणत होती आणि पिल्लांच्या पुढ्यात टाकत होती. शेवटचा कंद दिल्यावर तिने कोठीत पुन्हा डोके घातले, इकडेतिकडे चाचपले आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आली.

"बरं झालं!" घूस मोठ्याने म्हणाली. "तिचंही संपलं एकदाचं!"

तिच्या जवळच एक उंदीर दाणा कुरतडत बसला होता. तो कुरतडायचा थांबला. त्याने समोर होरपळलेल्या पिल्लांकडे बघितले, मग घुशीकडे बघितले, आणि तो जरा बाजूला सरकून बसला.

घुशीला आता आपलेच शब्द ऐकू आले. आपल्या घरात उद्या खायला काही नाही, समोर पिल्ले विव्हळताहेत, आणि आपल्याला आनंद झाला? कशाचा? तिला स्वतःची भीती वाटली. ती उठली आणि कित्येक दिवसांनी वाट ओलांडून साळूच्या दारी गेली.

साळूने वर बघितले. सशाच्या पिल्लाची पाठ भाजली होती आणि ती त्यावर ओला चिखल लावत होती. "आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "चिखल संपत आलाय. जरा कालवून दे."

घूस चिखल कालवू लागली. कालवता कालवता तिने खालमानेने विचारले, "तुझ्याकडे एवढे पाहुणे उतरतात. मग तुझी कोठी इतक्यात रिकामी कशी झाली?"

"कसले पाहुणे, बाई?" साळू हसली. "त्या सगळ्या साळू होय? माझे दीर-जाऊ, दोन नणंदा आणि त्यांची पोरं! पलीकडे त्यांचं बीळ ढासळलं, तेव्हापासून इथंच मुक्काम. वाटसरूंसाठी जेमतेम एक कोपरा उरला, आणि दर उतरवूनही तिथं कुणी येईना. घरचीच माणसं, त्यांना जा कसं म्हणायचं? दाणा एक देत नाहीत, आणि रोज विचारतात, आज जेवायला काय! तुझ्याकडे बघून मी म्हणायची, नशीबवान आहे बाई. खोल्या भरलेल्या, वर घरात शांतता."

"माझ्याकडे बघून?"

"रोज. पोटात दुखायचंही थोडं. खोटं कशाला बोलू?"

घुशीने चिखलाचा गोळा खाली ठेवला. मग तिने साळूला सगळे सांगितले. राघूला काय सांगितले ते, आणि मघाशी रिकामी कोठी बघून तोंडातून काय निघाले तेही. साळू ऐकत होती. तिचे काटे एकदा ताठ उभे राहिले, आणि हळूहळू खाली बसले.

"तुझ्या खोल्या मोकळ्या करता येतील का?" ती एवढेच म्हणाली. "इथं पिल्लांना पाय पसरायला जागा नाही."

घूस परत गेली आणि दाराशी उभी राहून उंदरांना म्हणाली, "तुम्हाला जा म्हणायचा मला हक्क नाही. दर पुकारला आहे, रात्र तुमची आहे. पण समोर भाजलेली पिल्लं आहेत." मग तो बाजूला सरकून बसलेला उंदीर उठला. तो बाहेर पडल्यावर आणखी दोघे उठले. बाकीचे कुरकुरत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पण उठले. एकाही उंदराने दाणा मात्र परत केला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून कंद शोधायला गेल्या, कारण दोन्ही घरांत खायला काही नव्हते. साळूच्या दिरालाही घुशीने दरडावून बरोबर नेले. जाऊ नाक मुरडत होती, पण तीही आली.

संध्याकाळी राघू आला. घूस म्हणाली, "माझ्या खोलीचा दर काढ. वाट बघ, हवा बघ, गर्दी बघ. दोन दाण्यांच्या खाली मात्र कधी येऊ नकोस, तेवढं गवताला लागतं. साळूच्या दराशी माझा दर बांधू नकोस. आणि अडलेलं, भाजलेलं कुणी वाटेवर दिसलं तर त्याचा दर तू काढू नकोस. मला हाक मार."

"हे आधी सांगायचं होतं," राघू म्हणाला. "मी दारं मोजतो, बाई. दारात कोण बसलंय आणि का बसलंय, ते मला कुठं कळतं? ते तुम्हीच एकमेकींना विचारायचं." आणि तो चक्कर मारायला उडाला.

त्या उन्हाळ्यात घुशीचे कोठार काही पुन्हा काठोकाठ भरले नाही. साळूचे दीर-जाऊ पाऊस पडेपर्यंत हललेच नाहीत. समोरच्या दारी गर्दी दिसली की घुशीच्या पोटात अजूनही कधीतरी जळजळ होई. तशी ती झाली की ती उठून सरळ वाट ओलांडे आणि विचारी, "काय गं, आज कोण आलंय?"

तात्पर्य : शेजाऱ्याच्या तोट्यालाच जो आपला नफा समजतो, त्याला आपले कोठार रिकामे झाल्याचेही वेळेवर कळत नाही.