भिवराच्या शंभर घटका

भिवराला वाटलं होतं, राजधानीत पाऊल टाकताच सेवेला निघालेले विद्यार्थ्यांचे जथे दिसतील. कुणी विहिरीतला गाळ उपसत असेल, कुणी तापाने फणफणलेल्या म्हातारीच्या उशाशी बसलं असेल. तंजावरला नेत्रवैद्यकी शिकताना तिच्या कानावर आलं होतं, की आपल्या महाराजांनी फर्मान काढलं आहे : शंभर घटका लोकांची सेवा केल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याला धंद्याचा परवाना नाही! ऐकून तिचा ऊर भरून आला होता.

प्रत्यक्षात राजवाड्याच्या चौकात तिला दिसलं एक पिंपळपान आणि त्याच्याभोवती पाच झाडू. पान सुपलीत गेलं की एक जण ते हळूच पुन्हा खाली टाकायचा, आणि पाचही जण नव्या दमाने झाडायला लागायचे. पलीकडे दोघे एका हंड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होते. ओतून झालं की परत पहिल्यात. तिघे महाराजांना वारा घालत होते, आणि महाराजांना तर सर्दी झाली होती.

"हे काय चाललंय?" तिने एका झाडूवाल्याला विचारलं.

"सेवा," तो म्हणाला. "जरा बाजूला हो, पान उडेल."

झालं होतं असं, की पूर्वी मुलं घरी झोपा काढून शंभर घटका भरल्याचं सांगत. ते उघडकीला आलं तेव्हा महाराज हट्टाला पेटले. राजवाड्याच्या चौकातल्या घटकापात्रासमोर जी सेवा होईल तीच धरायची, असा हुकूम सुटला. घटकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. मग शेजारच्या घंटेवर टोल द्यायचा, वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची.

भिवरा लोणाऱ्याची मुलगी. तिच्या वस्तीत चुन्याच्या भट्ट्या होत्या, आणि धुराने, चुन्याने ऐन उमेदीतली माणसं चाचपडत चालत. दसऱ्यापर्यंत परवाना मिळाला नाही, तर पुढचं वर्षभर तिला कुणाच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालता येणार नव्हता. तरीही त्या पानाला झाडू लावायला तिचा हात धजेना. ती सरळ महाराजांपुढे गेली आणि म्हणाली की या झाडण्याचा कुणालाच उपयोग नाही, मला वस्तीत जाऊन सेवा करू द्या.

दिवाण लालबुंद झाले. महाराज मात्र शिंकून हसले.

"मोठी खरेपणाची दिसतेस. मग ऐक. याच राजवाड्यात ज्याला खरोखर गरज आहे, अशाची सेवा कर. पण आधीच सांगतो, माझ्या राजवाड्यात कुणाला काही कमी नाही. असा माणूस सापडला नाही, तर परवाना विसर."

भिवराने राजवाडा पालथा घातला. मुदपाकखान्यात एका वांग्यामागे दोन आचारी होते. राणीसाहेबांच्या वेणीला चार दासी. पागेतल्या घोड्यांना इतक्या जणांनी खरारा केला होता, की माणूस दिसला की ते भिंतीकडे तोंड करत. दमून ती शेवटी घटकापात्राजवळ टेकली.

तिथे टोल देणारा सटवाजी बसला होता. तो मान वर न करताच बोलत होता. त्याचा जोडीदार गावी गेला तो परतलाच नव्हता, म्हणून दिवसरात्र हा एकटाच. वाटी बुडेपर्यंत डुलकी काढायची, टोल द्यायचा, पुन्हा डुलकी. मागच्याच गल्लीत त्याच्या लेकीला मुलगा झाला होता. बाळाचं रडणं भिंतीवरून ऐकू यायचं. तोंड मात्र अजून पाहिलं नव्हतं.

"रजा नाही मागितलीत, काका?"

"कुणाला मागू, पोरी? मान वर केली की वाटी बुडते."

भिवराने पदर खोचला. दोन टोल त्याच्या देखत बरोबर दिले. तेव्हा कुठे सटवाजी उठला, आणि पागोटं हातात घेऊन पळतच सुटला. त्या दिवसापासून दिवसा ती बसे आणि रात्री तो. शंभर घटका भरल्या तशी ती वाटी सटवाजीच्या हवाली करून दरबारात उभी राहिली.

"गरजू सापडला?" महाराजांनी विचारलं.

तिने सटवाजीचं नाव सांगितलं. महाराजांचा विश्वास बसेना. बोलवा त्याला, म्हणाले. शिपाई गेला आणि एकटाच परत आला.

"महाराज, तो येता येत नाही म्हणतो. वाटी बुडेल."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशीत हसू दाबलं, पण दिवाण सोडणार नव्हते. घटका कुणी मोजल्या, त्यांनी विचारलं. मीच, भिवरा म्हणाली.

"सेवा तुझी आणि मोजणीही तुझीच? साक्षीदार कोण?"

"महाराज."

"मी?" महाराज ताठ बसले.

"काल दुपारी टोल ऐकूनच जेवायला बसलात ना? तो मी दिला. आजचा दरबार भरला, तो टोलही माझाच. माझी मोजणी खोटी असेल, तर आपण सगळे अवेळी जमलो आहोत. दिवाणजींनी घरी जाऊन पुन्हा यावं. आणि सेवा घटकापात्रासमोरच हवी म्हणाल, तर सेवेला आलेल्यांत माझ्याइतकं त्याच्यासमोर कुणीच बसलं नव्हतं."

महाराज इतके हसले की त्यांना ठसका लागला. परवाना तिथल्या तिथे मिळाला. सटवाजीला दोन जोडीदार मिळाले. वर महाराज म्हणाले, आणखी काय हवं ते माग. वाटल्यास रात्रभर विचार कर.

सकाळी तिचं ठरलं होतं. तिने मोठी घंटा मागितली. तिचा टोल पार लोणारवस्तीपर्यंत पोचावा, आणि जिथवर तो ऐकू येईल तिथवरची सेवा धरावी.

"पण तिथली सेवा खरी की खोटी, हे मला कोण सांगणार?" महाराजांनी विचारलं.

"ज्याची केली, तो," भिवरा म्हणाली.

महाराज पुन्हा हसले, आणि त्यांनी घंटा ओतायला ओतारी बोलावले.