द्वारपालाचे दोन गुडघे

पूर्वी वेत्रवतीच्या काठी धर्मकेतू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला आणि मोठेपणी स्वतःही वैद्य झाला. त्याच नगरात राजवाड्याच्या दारावर खंडक नावाचा म्हातारा द्वारपाल होता. आत जाणारी फुलांची टोपलीसुद्धा तो उलटी करून बघे. चाळीस वर्षे उभे राहून त्याचे दोन्ही गुडघे सुजले होते, आणि चाळीस वर्षे माणसे पारखून त्याचा कोणावरच विश्वास उरला नव्हता.

राजाचेही गुडघे सुजत. बोधिसत्त्वाने निर्गुंडीच्या पाल्याचा रस तिळाच्या तेलात आटवून औषध केले. राजा म्हणाला, "गुण आला तर तू राजवैद्य."

"महाराज, गुण येतो की नाही, हे अजून मलाच ठाऊक नाही. आधी असेच दुखणे असलेल्या कोणावर तरी, त्याच्या राजीखुशीने, पाहू द्या."

खंडक लगेच पुढे झाला. गुडघ्यांपेक्षा त्याला वैद्याची चोरी पकडायची होती.

बोधिसत्त्वाने त्याला दोन गाडगी दिली. एकाच्या गळ्याला तांबडा दोरा होता, दुसऱ्याच्या पांढरा. "तांबड्यातले उजव्या गुडघ्याला चोळा, पांढऱ्यातले डाव्या. दहा दिवस."

"दोन कशाला?"

"एकात औषध, दुसऱ्यात नुसते तेल. कशात काय, ते आज सांगणार नाही. कळले, तर औषधाचा गुडघा तुम्हाला उगाच हलका वाटू लागेल, बाबा."

खंडकाने गाडगी हुंगली. दोन्हींत वाळा घातला होता, वास एकच. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

घरी त्याची बायको सुभगा म्हणाली, "अहो, इतक्या सरळ माणसात तुम्हाला काय काळेबेरे दिसते?"

"सरळ माणसांच्याच कमरेला सुऱ्या सापडतात. बघ तू, कोणताही गुडघा बरा होऊ दे, हा म्हणणार औषध त्यातच होते. खरे-खोटे कोण करणार?"

"माझ्या आमटीचाही तुम्ही आधी वासच घेता," असे पुटपुटून ती निघून गेली.

परका सांगेल तसे कधी करायचे नाही, हा खंडकाचा दारावरचा नियम होता. त्याने तांबड्यातले डाव्या गुडघ्याला चोळले आणि पांढऱ्यातले उजव्या. हे तो कोणालाच बोलला नाही.

दहाव्या दिवशी दरबारात बोधिसत्त्वाने दोन्ही गुडघ्यांना सूत गुंडाळून पहिल्या दिवशीच्या मापाशी ताडून पाहिले. उजवा होता तसाच होता. डाव्याची सूज दोन बोटे उतरली होती. खंडक मनात म्हणाला, आता हा सांगणार, औषध पांढऱ्यात होते.

बोधिसत्त्व क्षणभर सुताकडे पाहत राहिला. एक खोटा शब्द, आणि राजवैद्याचे पद त्याचे होते.

"महाराज," तो म्हणाला, "औषध तांबड्यात होते, उजव्या गुडघ्यासाठी. पांढऱ्यात साधे तेल. माझ्या औषधाला गुण नाही."

"मग ते गटारात ओता," राजा म्हणाला.

यातही काही डाव असेल, असे खंडकाला वाटले. दारावर पाहावे तसे त्याने वैद्याचे तोंड न्याहाळले. तिथे काहीच लपवलेले नव्हते. आता गप्प राहावे, तर असले औषध मातीत जाणार. बोलावे, तर हातची द्वारपालाची काठी जाणार. त्याने डावा पाय वाकवला. कित्येक वर्षांत तो असा सहज वाकला नव्हता.

"थांबा महाराज! मी उलटे चोळले. तांबडे डाव्याला."

राजा संतापला. "माझ्याच दारावरचा माणूस मला फसवतो?"

"रागावू नका," बोधिसत्त्व म्हणाला. "कशात काय हे मला एकट्यालाच ठाऊक होते, मग त्यांनी संशय का घेऊ नये? ती चूक माझी. आणि एका गुडघ्यावरून काहीच ठरत नाही. पागेतल्या म्हाताऱ्या सेवकांवर पुन्हा पाहू. या वेळी गाडगी खंडकबाबांनी भरावीत, आणि कशात काय ते मलाही सांगू नये."

तसेच केले. सगळ्यांच्या औषध लावलेल्या गुडघ्याची सूज उतरली. ठणका मात्र निम्माच गेला. बोधिसत्त्वाने राजाला तेवढेच सांगितले, रेसभर जास्त नाही. तरीही राजाने त्याला राजवैद्य केले. खंडकाची काठी त्याच्याकडेच राहिली, आणि पुढे प्रत्येक नव्या औषधाची गाडगी तोच भरू लागला.

भिक्षूंना एवढे सांगून त्यांच्या गुरूने, शास्त्याने, भिक्षापात्रातला प्रत्येक घास हुंगून खाणाऱ्या एका भिक्षूकडे पाहिले. "भिक्षू, त्या जन्मीचा खंडक तू होतास. सुभगा आज तुझी बहीण आहे. आणि तो वैद्य मीच होतो. तू संशय घेतलास, पण खरे समजल्यावर ते लपवले नाहीस. म्हणून आज इथे बसला आहेस."

ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.