कासवाचा पंचनामा

फार मागे, प्राणी शेती करत तेव्हा, साळू साळिंदरीची ज्वारी पुरात कुजली. सिंहाने भरपाई जाहीर केली आणि पंचनाम्याला कासवाला धाडलं. घरात पोरं उपाशी, म्हणून साळूने वाट न बघता कुजकी धाटं उपटली आणि हरभरा पेरला.

महिन्याने कासव बांधावर पोचलं. "रान तर हिरवंगार आहे. नुकसान कुठाय?"

"भाऊसाहेब, ते मी उपटून टाकलं."

"मग मी काय लिहू?" म्हणत कासव वळलं. साळूला दमडीही मिळाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला. शेजारचा ससा म्हणाला, "साळूबाई, वाफसा आलाय. ओल आहे तोवर पेरून घे."

साळू काटे मिटून कुजक्या धाटांशेजारी बसली होती. "नको रे. आधी कासव येऊन बघू दे."

तिच्या पायाखालची ओल सुकत चालली होती.